"कुत्र्याले काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा कुत्र्याचा गू पाहावा

विषय घाण आहे, आधीच सांगतो. जेवत असाल तर मोबाईल बाजूला ठेवा, नंतर वाचा. पण वाचा.

मागं एका बोकडाच्या कलेजीचा फोटो टाकला होता. कलेजीवर लिंबाएवढे तीन-चार फोड, पांढरट, आत पाणी. खाली बहुतेकांनी एकच सल्ला दिला: "खाऊ नका भाऊ, कुत्र्याले टाकून द्या. कुत्र्याले काही होत नाही." एकानं तर लिहिलं, कुत्रं लोखंड पचवते.

माझं भांडण या वाक्याशी आहे. हे वाक्य आपल्याकडं बापजाद्यांपासून चालत आलं आणि त्याच्या नावाखाली आपण कुत्र्याच्या पोटात काय काय लोटलं याला हिशोब नाही. शिळं, सडलं, मेलं, बिघडलं, सगळं कुत्र्याला. कुत्रं काही बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर ते आपला जबाब लिहून जाते. आपण नाकाला रुमाल लावून पुढं निघतो.

आता पाहा, बैलाचं शेण पातळ झालं की आपण लगेच विचारतो, काल काय टाकलं होतं? बकरीची लेंडी सैल झाली की पहिल्या पावसाच्या कोवळ्या चाऱ्यावर बोट ठेवतो. म्हशीच्या शेणात अख्खी सरकी दिसली की रवंथ नीट नाही हे म्हाताऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. मातीचा नमुना प्रयोगशाळेत देतो, आरोग्यपत्रिका घेतो. रात्रभर जागलीवर रोही आणि डुक्कर हाकलणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र ही सगळी अक्कल कुठं जाते?

पाहायचं काय, ते सांगतो. धड खाणाऱ्या, धड पचवणाऱ्या कुत्र्याचा गू तपकिरी असतो, घट्ट असतो, आकार धरतो, काडीनं उचलला तर मातीला फार चिकटत नाही. तपकिरी रंग पित्ताचा. पित्त आतड्यात उतरलं, त्याचं पुढं रूपांतर झालं, की हा रंग येतो. म्हणून गू राखाडी, मातकट पांढरा आणि तेलकट पडायला लागला तर एकतर पित्त उतरत नाही किंवा चरबी पचत नाही, म्हणजे मामला यकृताचा नाहीतर स्वादुपिंडाचा. ते घरच्या उपायाचं काम नाही. पण पांढरा, कोरडा, हातानं खडूसारखा भुगा होणारा गू वेगळा. तो हाडकांचा. मटनाच्या दुकानामागच्या कुत्र्यांचा पाहा, असाच असतो. हाडातला चुना तसाच बाहेर येतो आणि कुत्रं कुंथून कुंथून अर्धं होते. शिजवलेलं कोंबडीचं हाड तर ठिसूळ होऊन उभं चिरते, आतडं फाडू शकते. "हड्डी कुत्र्याचीच" म्हणून ताटातली हाडं फेकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

डांबरासारखा काळा, चिकट गू म्हणजे वरच्या आतड्यात किंवा जठरात रक्त सुटलं आणि ते पचून खाली आलं. सोबत हिरड्या पांढऱ्या दिसत असतील तर आकडेकृमीचा संशय धरा. हे कृमी आतड्याला चिकटून रक्त पितात, लहान पिल्लू त्यानं मरते. लाल ताजं रक्त आणि वर शेंबडासारखा चिकट पदार्थ, थोडं थोडं, वारंवार, कुंथत, हे खालच्या मोठ्या आतड्याचं दुखणं. एकदम भरपूर पाणी सुटणं लहान आतड्याचं. पिल्लाला उलटी आणि घाण वासाची रक्ताची हगवण एकत्र असेल तर पार्वो धरून चाला आणि त्याच तासाला दवाखाना गाठा. त्या जागी पुढचे कित्येक महिने दुसरं पिल्लू आणू नका, तो विषाणू मातीत टिकून राहतो. लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते. ती दिली असती तर हे पाहायची पाळी येत नाही.

गुदद्वाराजवळच्या केसांत किंवा ताज्या गूवर तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे. हा पट्टकृमी पिसवांतून येतो. कुत्रं अंग चावते, पिसू गिळते, कृमी आत. म्हणजे नुसती गोळी देऊन भागत नाही, पिसवा मारल्या नाही तर महिनाभरात पुन्हा तेच. शेवयांसारखे गोल जंत पिल्लांत आईच्या पोटातूनच येतात. त्यांची अंडी अंगणाच्या मातीत वर्षानुवर्षं राहतात आणि त्याच मातीत आपली लेकरं खेळतात. लेकराच्या डोळ्यापर्यंत पोचणारा जंत आहे हा.

आता खाण्याकडं येतो. सोलापूर जिल्ह्यात नान्नजला, माळढोक अभयारण्याच्या माळरानावर, अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर या दोन संशोधकांनी गावकुत्र्यांची आणि खोकडांची विष्ठा गोळा करून तपासली. 2009 मध्ये ते काम छापून आलं. एकाच रानात फिरणारे दोन प्राणी, दोघंही कुत्र्याच्याच कुळातले. खोकडाच्या विष्ठेत उंदीर, किडे, रानातली फळं. कुत्र्याच्या विष्ठेत मुख्यतः माणसाकडून आलेलं: घातलेली भाकर, उकिरड्यावरचं, मेलेली ढोरं. गावचं कुत्रं रानात हिंडतं पण खातं आपल्या हातचं. तर मंग त्याच्या गूत जे निघते ते कोणाचं? आपलंच ना बापा.

भाकरीचं म्हणाल तर भाकर त्याला चालते, हे खरं आहे आणि याला पुरावाही आहे. स्वीडनच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की पिठूळ अन्न पचवणाऱ्या पाचकरसाच्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात आणि कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत. माणसाजवळ राहून, माणसाच्या धान्यावर जगून हजारो वर्षांत हे झालं. म्हणून शहरातले लोक व्हिडिओ काढून सांगतात की कुत्रा लांडगा आहे, त्याला कच्चं मांसच द्या, तेही अर्धवट. पण "भाकर पचते" आणि "नुसत्या भाकरीवर जगते" यात फरक आहे. नुसत्या ज्वारीच्या भाकरीवरच्या कुत्र्याचा गू पाहा: ढीगभर, मऊ, फिकट, दिवसातून तीन-चार वेळा. खाल्लेल्यातलं बरंचसं मागून निघून चाललं. त्यात अंडं, ताक, उकडलेली डाळ, शिजवलेलं मांस थोडं थोडं गेलं की आठ-दहा दिवसांत ढीग कमी होतो आणि घट्ट होतो. खर्च किती? जागलीच्या एका रात्रीच्या चहापत्तीएवढा. कच्चं दूध मोठ्या कुत्र्याला बऱ्याचदा सोसत नाही, पातळ होते. कांद्याचा रस्सा देऊ नका, कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या वऱ्हाडातल्या उरलेल्या रश्श्यात कांद्याशिवाय असते काय?

आणि ढेप. हे यवतमाळकरांनी खास वाचा. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या ढोराच्या पोटात ते बऱ्यापैकी बांधलं जाते, म्हणून गाय-म्हैस ढेप पचवते. कुत्र्याला तसं पोट नाही. कोठ्यात भिजत घातलेली ढेप रोज चाटणारं कुत्रं हळूहळू धापा टाकायला लागते, पोटात पाणी होते, आणि आपण म्हणतो म्हातारं झालं. टोपल्यावर झाकण ठेवायला काय लागते?

विषाचंही तसंच. गूत निळे, हिरवे, लाल कण दिसले तर घरात, कोठारात ठेवलेल्या उंदराच्या वड्या आठवा. त्या वड्यांना मुद्दाम रंग दिलेला असतो. रक्त गोठू न देणारं विष असते ते, परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो. रंग दिसला त्याच दिवशी कुत्रं नेलं तर त्यावर उतारा आहे, जीवनसत्त्व के. नाकातून रक्त आल्यावर नेलं तर उशीर. फवारणीच्या दिवसांत एकदम हगवण, लाळ, थरथर, बाहुली बारीक, हे कीटकनाशकाचं. 2017 च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीनं माणसं मेली, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हापासून माणसाच्या तोंडाला फडकं आलं, हातमोजे आले, बरं झालं. पण औषध कालवलेली बादली आजही धुऱ्यावर उघडीच असते आणि तिच्यातलं पाणी कुत्रं पिते.

आता त्या कलेजीवरच्या फोडांकडं. मूळ भांडण तिथंच आहे.

तो फोड म्हणजे एका पट्टकृमीच्या अळ्यांची पिशवी. आपल्या लोकांचा समज असा, की ती कलेजी माणसानं खाल्ली तर रोग माणसाला होतो, म्हणून ती कुत्र्याला. नेमकं उलटं आहे. ती पिशवी खाऊन माणसाला तो रोग होत नाही. कुत्र्याला टाकली की कुत्र्याच्या आतड्यात त्या अळ्यांचे पट्टकृमी होतात. साधारण सहा-सात आठवड्यांत ते अंडी घालायला लागतात. ती अंडी गूतून चाऱ्यावर, भाजीवर, नाल्याच्या पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्या पोराच्या हातावर. बकरीनं ती खाल्ली की तिच्या कलेजीत फोड. माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या कलेजीत, फुप्फुसात फोड. कित्येक वर्षं पत्ता लागत नाही, मंग एक दिवस सोनोग्राफीत "पाण्याची गाठ" निघते आणि ऑपरेशन. म्हणजे "कुत्र्याले टाकून द्या" म्हणणाऱ्यानं रोगाला रस्ता करून दिला. कुत्र्याला काही होत नाही हे इथं अक्षरशः खरं आहे. त्याला खरंच फारसं काही होत नाही. होते ते आपल्याला.

इथं गू पाहणाऱ्यालाही एक इशारा. हा पट्टकृमी मोठा झाला तरी दोन ते सात मिलिमीटर. डोळ्याला दिसायचा नाही. गू सुंदर, घट्ट, तपकिरी असू शकतो आणि त्यात हजारो अंडी असू शकतात. म्हणून कुत्र्याला काय खायला मिळालं हे माहीत असणं गूच्या रंगाइतकंच महत्त्वाचं. ज्या कुत्र्याला कच्ची कलेजी, फुप्फुसं मिळतात ते कुत्रं दिसायला कितीही ठणठणीत असो, त्याला प्राझिक्वांटेल असलेली गोळी वजनावर द्यायची. जिथं हा रोग आहे तिथं दर सहा आठवड्यांनी देतात, कारण तेवढ्यात कृमी अंडी घालायच्या बेतात येतो. गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि तो गू जाळा किंवा खोल पुरा. गोळीनं कृमी मरतात, बाहेर पडलेली अंडी मरत नाहीत. बकऱ्यांच्या जंताच्या औषधातलं उरलेलं कुत्र्याला पाजणारे बहाद्दर आपल्यात खूप आहेत. पट्टकृमीवर त्याच्या एका डोसाचा भरवसा नाही आणि मनानं पुन्हा पुन्हा पाजाल तर कुत्र्याच्या रक्तावर परिणाम होतो. गोळी आणि तिचा डोस पशुवैद्यकाला विचारूनच.

मेंढपाळ भावांसाठी एक जोड. मेंढी मान एका बाजूला टाकून गोल गोल फिरते, डोळ्यानं दिसत नाहीसं करते, मंग पडते. बरेच जण बाहेरचं समजून उतारा टाकतात. तिच्या मेंदूत असाच पाण्याचा फोड असतो, दुसऱ्या एका पट्टकृमीचा. तोही कुत्र्याच्या गूतून येतो आणि कुत्र्याला तो कापलेल्या मेंढीच्या डोक्यातून मिळतो. डोकं फोडून मेंदू कुत्र्यासमोर टाकणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या कळपातली मेंढी आजच फिरवायला लावणं.

गाय व्यायली की पडलेली जार, किंवा गाभडलेलं वासरू, तेही कुत्र्यानं ओढून नेलेलं आपण पाहतो आणि "बरं झालं, पुरायचा ताप गेला" म्हणतो. निओस्पोरा नावाचा एक अतिसूक्ष्म जीव आहे. तो कुत्र्याला अशा मांसातून मिळतो, कुत्र्याच्या गूतून चाऱ्यावर जातो आणि गाभण गाय गाभडवतो. दोन गाई लागोपाठ गाभडल्या की आपण कोणाची नजर लागली ते शोधतो. कुटाराच्या ढिगावर कोण बसते, तिथं कोण हागते, ते कोणी पाहत नाही.

आता थोडं कुत्र्याच्या बाजूनं. बकरी मेली, दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी कुत्र्याच्या गूत बकरीचे केस दिसले, की त्या कुत्र्याला फाशी. गावोगावी हे चालते, मांसात विष घालून कुत्री मारली जातात. अरे पण केस सांगतात की त्यानं बकरी खाल्ली. मारली असं सांगत नाहीत. बिबट्यानं मारून अर्धी सोडलेली, आजारानं मेलेली, नाल्यात फेकलेली, कोणतीही असू शकते. जनावर ओळखायलाही केस धुवून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याची नक्षी पाहावी लागते, पानठेल्यावर उभं राहून ते ठरत नाही. शिवाय यात तुमचंच नुकसान आहे. टिपेश्वरच्या आजूबाजूच्या गावांना सांगायला नको, वाघ-बिबट्यानं जनावर मारलं तर पंचनामा होतो, भरपाई मिळते. गावकुत्र्यानं मारलं तर वनखात्याची भरपाई नाही. दातांच्या खुणा, ठसे, ओढल्याची दिशा न पाहता "कुत्र्यानंच मारली" असं तुम्हीच ओरडलात तर पुढं कोणत्या तोंडानं अर्ज करणार?

आणि कुत्रं स्वतःही कोणाच्या तरी विष्ठेत निघते. नगर जिल्ह्यात अकोल्याच्या शेतशिवारात विद्या अत्रेय आणि सोबत्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तर त्याच्या खाद्यात वजनाच्या मानानं 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. बकऱ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी खाद्यात त्यांचा वाटा त्याहून पुष्कळ कमी. उकिरडा कुत्री जमवतो आणि कुत्री बिबट्याला गावाशी आणतात. साखळी एवढी सरळ आहे.

हे सगळं पूर्वी नव्हतं का, असं जुनी माणसं विचारतील. होतं, पण ढोर मेलं की गिधाडं उतरायची, तासा-दोन तासांत हाडं उरायची. ढोरांना देत होतो त्या डायक्लोफेनॅकनं गिधाडं संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर बहुतेक आकाश रिकामं झालं होतं. गिधाडांची जागा कुत्र्यांनी घेतली. फरक एवढा की गिधाडाचं जठर कमालीचं आम्लाचं, सडक्यातले जंतू त्यात मरतात, आणि ते खाऊन उंच झाडावर, कड्यावर जाऊन बसते. कुत्रं खाऊन आपल्या ओसरीवर येऊन झोपते.

तर दोष कुत्र्याला देऊन सुटका नाही, आणि नसबंदीची गाडी आली पाहिजे, पालिकेनं धरून नेलं पाहिजे, एवढ्यावरही भागत नाही. गावात मेलेलं जनावर टाकायला कुंपण घातलेला खड्डा किती ठिकाणी आहे? आमच्याकडं नाला आहे. बाजाराच्या दिवशी कापलेल्या बकऱ्यांचं आतडं-कातडं कुठं जाते? त्याच नाल्यात. शेतीशाळेत गुलाबी बोंडअळीवर दोन तास बोलतात, बोलायलाच पाहिजे, पण त्याच मांडवात पशुवैद्यकाला दहा मिनिटं द्यायला काय हरकत आहे? कृषी सहायक आणि पशुधन पर्यवेक्षक दोघंही हे पान वाचतात, मला माहीत आहे. एकमेकांना फोन लावा. जिल्ह्यात बकऱ्या कापताना कलेजीवर फोड किती निघतात हे रोज पाहणारा माणूस खाटीक आहे. त्याला कोणी विचारलं काय?

स्वतःपुरतं करायचं तर एवढं: फोड असलेली कलेजी, फुप्फुस कुत्र्याला कच्चं नाही. द्यायचंच असेल तर अर्धा-पाऊण तास उकळून, नाहीतर खोल पुरून वर दगड आणि बाभळीचे काटे. जार लगेच पुरायची. ढेपीवर झाकण. कुत्र्याचा गू भाजीच्या वाफ्यात किंवा शेणखतात नाही, उन्हाळ्यात तापलेल्या खतातही त्याचा भरवसा धरू नका. आणि आठवड्यातून एकदा धुऱ्यावर थांबून काडीनं उलटून पाहायचं. पातळ, काळं, रक्ताचं काही दिसलं तर ताजा नमुना झाकणाच्या डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायचा. जंताची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला फार वेळ लागत नाही. "कुत्र्याचा आणला का?" म्हणून कोणी हसलं तर हसू द्या.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी मेलेल्या जनावरांच्या खड्ड्याचा आणि बाजाराच्या दिवशीच्या कत्तलीच्या घाणीचा विषय लेखी देतो आहे. अर्जाचा मसुदा उद्या इथंच टाकतो. गावाचं नाव बदलून तुमच्याकडंही चालेल. खड्ड्याला किती जागा, कुंपणाला काय खर्च, विहिरीपासून किती लांब, याचा अनुभव कोणाला असेल तर खाली लिहा. "कुत्र्याले काही होत नाही" असं लिहायचं असेल तर सोबत त्याच्या गूचा फोटो जोडा.